मेन्यू तसाच ठेवून लग्नाच्या डीव्हीडीतला एक भाग बदलायचा कसा

जुन्या लग्नाची, मुंजीची किंवा गॅदरिंगची डीव्हीडी घेऊन लोक येतात आणि सांगतात, "बाकी सगळं छान आहे, एवढा एक भाग बदलून द्या." त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी आधी घरी प्रयत्न केलेला असतो. डिस्क कॉम्प्युटरवर उघडली, मोठ्या फाइलींपैकी एक काढली, नवीन व्हिडिओला तेच नाव देऊन तिच्या जागी ठेवला आणि पुन्हा बर्न केला. मग मेन्यू दिसतो, बटण दाबलं की पडदा काळा होतो, प्लेअर अडकतो किंवा भलताच प्रसंग सुरू होतो.

चूक का होते ते एकदा नीट कळलं की पुढचं काम सोपं जातं. डिस्कवर 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असतो. त्यात तीन प्रकारच्या फाइली असतात. 'व्हॉब' फाइलीत चित्र आणि आवाज एकत्र गुंफलेले असतात. 'आयएफओ' फाइलीत नकाशा असतो: कुठलं टायटल (सलग चालणारा एक व्हिडिओ) डिस्कवरच्या कुठल्या सेक्टरपासून, म्हणजे कप्प्यापासून, सुरू होतं, त्यात किती चॅप्टर, संपल्यावर कुठं जायचं. 'बीयूपी' ही त्या नकाशाचीच दुसरी प्रत. प्लेअर व्हॉब फाइल कधीच सरळ उघडत नाही. तो नकाशात पत्ता बघतो आणि त्या सेक्टरवर उडी मारतो. तुम्ही व्हॉब बदललात आणि नकाशा जुनाच ठेवलात, तर पत्ता जुना आणि घर नवीन. शिवाय व्हॉबच्या आतही जागोजागी दिशादर्शक पाकिटं पेरलेली असतात. फोनमधल्या एमपी४ फाइलीचं नाव बदलून ती पाकिटं तयार होत नाहीत.

म्हणून काम दोन भागांत होतं. नवीन तुकडा जुन्याचा जुळा भाऊ वाटेल असा बनवायचा, आणि नकाशा हातानं न छेडता योग्य सॉफ्टवेअरकडून नव्यानं लिहून घ्यायचा. खालचे सगळे टप्पे या दोन गोष्टींसाठी आहेत.

उदाहरण म्हणून एक खरं काम घेतो. २००७ सालच्या लग्नाची डीव्हीडी, मेन्यूवर पाच बटणं: हळद, सीमांतपूजन, लग्न, सप्तपदी, स्वागत समारंभ. शूटिंगवाल्यानं मिक्सिंग करताना मंगलाष्टकांवर सिनेमाचं गाणं टाकलं होतं आणि सगळा प्रसंग कापून ४ मिनिटं २० सेकंदांत बसवला होता. त्यातल्या दोन मंगलाष्टका नवरीच्या आजीनं स्वतः रचून म्हटल्या होत्या. आजी आता नाहीत. मूळ मिनीडीव्ही कॅसेट माहेरच्या कपाटात सापडली आणि तिच्यात आजींचा आवाज स्वच्छ होता. त्यामुळे 'लग्न' हा भाग ११ मिनिटं ४० सेकंदांचा करून त्याच बटणाखाली बसवायचा होता.

हा लेख तुमच्या स्वतःच्या, कुलूप नसलेल्या डिस्कपुरता आहे. बाजारातल्या सिनेमांच्या डिस्कवर कॉपी-संरक्षण असतं, ते तोडण्याचा विषय इथं नाही.

## सुरू करण्यापूर्वी: खरंच काय बदलायचंय?

सगळ्यांना वाटतं आपल्याला नवीन व्हिडिओ घालायचाय. पुष्कळदा तशी गरज नसते.

फक्त एखादा प्रसंग काढून टाकायचा असेल, तर नवीन काहीच बनवू नका. व्हॉबब्लँकरमध्ये तेवढा भाग कोरा करता किंवा कापता येतो, उरलेल्या चित्राला धक्का लागत नाही.

फक्त आवाज बदलायचा असेल, तर चित्र पुन्हा एनकोड करू नका, म्हणजे नव्यानं दाबून दुसऱ्या फाइलीत लिहू नका. टायटलमधून चित्र आणि आवाज वेगळे काढा, नवीन आवाज बरोबर तेवढ्याच लांबीचा करा आणि जुन्या चित्राशी पुन्हा जोडा. चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. आमच्या उदाहरणात गाणं काढून मूळ आवाज लावण्याचा विचार आधी केला होता, पण कापलेल्या चित्राला न कापलेला आवाज लागत नाही, म्हणून तुकडाच बदलावा लागला.

मेन्यूवरच्या नावातली चूक दुरुस्त करायची असेल, तर ते वेगळं काम आहे. बटणांच्या चौकटी मेन्यूच्या व्हॉबमध्येच, त्या दिशादर्शक पाकिटांत असतात. मेन्यूचं चित्र नुसतं बदललं की बटणंही जातात. इथं सांगितलेल्या पद्धतीनं मेन्यूला हात लावू नका.

आणि अर्ध्याहून जास्त भाग बदलायचे असतील, तर सरळ नवीन डीव्हीडी ऑथर करा, म्हणजे मेन्यूसकट नव्यानं बांधा. तुकडे बदलत बसण्यात दुप्पट वेळ जाईल.

## लागणारं साहित्य

सॉफ्टवेअर सगळी विंडोजवरची, जुनी आणि फुकट आहेत: डिस्क उतरवायला आणि बर्न करायला इम्गबर्न, रचना बघायला पीजीसीएडिट, जुना भाग सुटा करायला पीजीसीडीमक्स, नवीन तुकडा बांधायला मक्समन, तो जागेवर बसवायला व्हॉबब्लँकर, आणि फाइलीचे गुणधर्म वाचायला मीडियाइन्फो. एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीवरच्या चित्राच्या प्रकारची फाइल, काढण्यासाठी तुमचं नेहमीचं एडिटिंग सॉफ्टवेअर. इम्गबर्न इन्स्टॉल करताना मध्येच दुसरी सॉफ्टवेअर पुढं केली जातात. प्रत्येक पान वाचून नको ते नाकारा.

हार्डडिस्कवर किमान ३० जीबी मोकळी जागा ठेवा. एक तासाची मिनीडीव्ही कॅसेट उतरवली की तिचेच सुमारे १३ जीबी होतात.

इशारा: कामाचे फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या आत न टाकता, छोट्या इंग्रजी नावांनी ठेवा. 'ताईचं लग्न' असं देवनागरी नाव दिलेल्या फोल्डरवर ही जुनी सॉफ्टवेअर अडखळतात आणि चूक काय झाली तेही सांगत नाहीत. या एका कारणामुळं लोकांचे दोन-दोन दिवस गेलेले मी पाहिलेत.

## टप्पा १: डिस्क पूर्ण उतरवून घ्या

डिस्कवरून थेट काम करू नका. इम्गबर्नमध्ये डिस्कची इमेज बनवण्याचा पर्याय निवडून पूर्ण आयएसओ, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत असलेली एक फाइल, काढा. घरगुती डीव्हीडी-आरचा रंगद्रव्याचा थर वर्षांनी खराब होत जातो आणि त्याची लागण बहुधा बाहेरच्या कडेकडून दिसते. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळं शेवटचे भाग आधी अडकतात.

वाचताना अडलं तर मऊ, किंचित ओल्या सुती कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेनं पडतो आणि तो वाचणं सर्वांत कठीण असतं. तरीही अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचणारी डिस्क दुसऱ्यानं निमूट वाचली, असं वारंवार घडतं.

डीव्हीडी रेकॉर्डरवर रेकॉर्ड केलेली आणि फायनलाइझ न केलेली, म्हणजे लिखाण पक्कं करून बंद न केलेली डिस्क असेल तर कॉम्प्युटरला ती रिकामी दिसू शकते. ती आधी त्याच कंपनीच्या रेकॉर्डरवर फायनलाइझ करून घ्या. आणि 'व्हिडिओ_टीएस' ऐवजी 'डीव्हीडी_आरटीएव्ही' नावाचा फोल्डर दिसला तर ती वेगळ्या पद्धतीची डिस्क आहे, पुढचे टप्पे तिला लागू नाहीत.

इमेजमधून 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर दोनदा बाहेर काढा. एकाला 'मूळ' समजा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. दुसरा कामाचा.

तपासणी: कामाच्या फोल्डरमधले सगळे भाग शेवटपर्यंत पळवून बघा. प्रत्येक आयएफओ फाइलीला जोडीची बीयूपी आहे ना, ते बघा. फाइलींवर 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण असेल तर काढा.

## टप्पा २: नकाशा कागदावर उतरवा

हा टप्पा लोक गाळतात, आणि सर्वांत जास्त फटका इथंच बसतो. कागद-पेन घ्या.

पीजीसीएडिटमध्ये कामाचा फोल्डर उघडा. डाव्या बाजूला रचनेची यादी येते. व्हीटीएस म्हणजे टायटलसेट, पीजीसी म्हणजे एका टायटलचा चालण्याचा क्रम, आणि सेल म्हणजे त्यातले सर्वांत लहान तुकडे. मेन्यूतलं प्रत्येक बटण कुठं घेऊन जातं ते एकेक करून बघा आणि लिहा.

इथं दोन वेगळ्या तऱ्हा आढळतात. एका तऱ्हेत प्रत्येक बटणाचं स्वतंत्र टायटल असतं. आमच्या उदाहरणात तसंच होतं, 'लग्न' हे तिसरं बटण व्हीटीएस ३ मधल्या एकुलत्या पीजीसीवर जात होतं. हे काम सोपं. दुसऱ्या तऱ्हेत पूर्ण लग्न हे एकच लांब टायटल असतं आणि बटणं त्यातल्या चॅप्टरवर उड्या मारतात. अशा वेळी एखादा चॅप्टर म्हणजे स्वतंत्र व्हिडिओ नसतो. तिथं पूर्ण टायटल नव्यानं बांधून, चॅप्टरांची संख्या आणि क्रम तोच ठेवून, ते जुन्याच्या जागी बसवणं सुरक्षित. दुसरी तऱ्हा असेल तर पुढच्या टप्प्यांत 'तुकडा' म्हटलंय तिथं 'पूर्ण टायटल' असं वाचा.

आता त्या टायटलसेटची पहिली व्हॉब फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा. नावाच्या शेवटी १ असलेली घ्या. शेवटी ० असलेली व्हॉब मेन्यूची असते, ती बघून लोक चुकीची माप घेतात. पुढच्या गोष्टी लिहून काढा:

- पद्धत: आपल्याकडच्या बहुतेक डिस्क पाल, म्हणजे ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेहून आलेली असेल तर एनटीएससी, ७२० × ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम
- चित्राचं प्रमाण: ४:३ की १६:९
- इंटरलेस आहे का, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) विभागलेली आहे का, आणि असेल तर वरचं की खालचं फील्ड आधी
- आवाज: एसी-३, एमपी२ की पीसीएम, किती चॅनल, किती ट्रॅक
- टायटलची एकूण लांबी आणि सेलची संख्या

एका टायटलसेटमधल्या सगळ्या व्हिडिओंची पद्धत, चित्राचं प्रमाण आणि आवाजाचा प्रकार हे गुणधर्म सारखेच असावे लागतात, कारण ते नकाशात टायटलसेटसाठी एकदाच लिहिलेले असतात. जुना आवाज एसी-३ असेल आणि तुम्ही पीसीएम दिलात, तर प्लेअर एसी-३ शोधत बसेल आणि चित्र मुकं चालेल.

शेवटी पीजीसीडीमक्समध्ये तो पीजीसी सुटा करा. चित्राची आणि आवाजाची वेगळी फाइल मिळते, शिवाय सेलच्या वेळांची एक छोटी मजकूर फाइल मिळते. तिच्यात सेलच्या सीमा कितव्या फ्रेमवर आहेत ते आकडे असतात. ती जपून ठेवा.

तपासणी: कागद बघून, डिस्क न लावता, "तिसरं बटण दाबलं की काय चालतं, किती वेळ, आणि संपल्यावर कुठं जातं" याचं उत्तर देता आलं पाहिजे. येत नसेल तर पुढं जाऊ नका.

## टप्पा ३: जागेचा हिशेब

साध्या डीव्हीडी-आरवर ४७० कोटी बाइट, म्हणजे ४.७ जीबी मावतात. विंडोज हाच आकडा ४.३८ असा दाखवतं, कारण त्याची मोजणी १,०२४ च्या पटीत असते. दोन्ही आकडे एकत्र मिसळू नका.

गणित साधं आहे: सेकंदाला मेगाबिट × सेकंद ÷ ८ = एमबी. आमच्या डिस्कवर ४.१ जीबी भरलेले होते. जुना भाग २६० सेकंदांचा, डिस्कच्या सरासरी दरानं सुमारे १९० एमबी. नवीन ७०० सेकंद. चित्राला ६ आणि आवाजाला पाव मेगाबिट धरला तर ६.२५ × ७०० ÷ ८ = ५४७ एमबी, गुंफण्याचा वरखर्च धरून ५६०–५६५. फरक ३७५ एमबीच्या आसपास. एकूण सुमारे ४.४७ जीबी, म्हणजे बसतं.

काठोकाठ भरू नका, शंभर-दीडशे एमबी मोकळे ठेवा. डिस्कची बाहेरची कडच आधी दगा देते. बसत नसेल तर नवीन तुकड्याच्या चित्राचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला मेगाबिटचा आकडा, ५ पर्यंत खाली आणा. त्याहून कमी केलात तर अक्षतांच्या गर्दीत चौकोन दिसायला लागतात. उडणाऱ्या अक्षता आणि हलणारी झालर एमपेगला सर्वांत जड. वरच्या बाजूला चित्राची कायदेशीर मर्यादा ९.८ मेगाबिट आहे, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर ८ च्या पुढं गेलात तर जुने प्लेअर अडखळतात.

## टप्पा ४: नवीन तुकडा बनवा

एडिटिंगची टाइमलाइन जुन्या डिस्कच्या मापाची लावा: पाल, २५ फ्रेम, ४:३. आजकालची सॉफ्टवेअर आपणहून १,९२० × १,०८० ची टाइमलाइन सुचवतात. ती घेतली तर चित्र आधी फुगतं, मग परत आकसतं, आणि दोन्ही वेळा बिघडतं.

फील्डचा क्रम. डीव्ही कॅसेटमध्ये खालचं फील्ड आधी असतं. डीव्हीडीत खालचं आधी किंवा वरचं आधी, दोन्ही चालतं, पण फाइलीवरची खूण आणि आतलं चित्र जुळायला हवं. कॅसेटवरून आलेला तुकडा असेल तर 'खालचं फील्ड आधी' असंच शेवटपर्यंत ठेवा. उलटं झालं तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीच कळत नाही, टीव्हीवर मात्र चालणारी माणसं थरथरत, मागं-पुढं होत चालतात. आमच्या कामात पहिल्या वेळी हेच झालं होतं. अंतरपाट दूर होतानाचा कापडाचा हेलकावा बघताना ते लक्षात आलं: कापड एक पाऊल पुढं, अर्धं मागं सरकत होतं. तेव्हापासून तपासायला मी नेहमी आडवी हालचाल असलेलाच क्षण निवडतो.

इंटरलेस चित्र 'सुधारण्यासाठी' डीइंटरलेस करू नका. शेजारचे भाग इंटरलेस आहेत, मधलाच वेगळा झाला तर हालचालीचा पोत बदललेला लगेच डोळ्यात भरतो. फोनवरचं ३० फ्रेमचं शूटिंग मिसळायचं असेल तर आधी ते २५ वर नीट रूपांतरित करून घ्या आणि मगच टाइमलाइनवर ठेवा.

आवाज. ४८ किलोहर्ट्झ पाहिजे. सीडीवरून किंवा एमपी३ मधून घेतलेली सनई ४४.१ ची असते, ती रूपांतर करूनच घ्या. पातळी कानानं जुळवा: आधीच्या भागाचं शेवटचं मिनिट आणि नवीन भागाचं पहिलं मिनिट पाठोपाठ ऐका. एसी-३ बनवताना संवाद-पातळीचा एक आकडा विचारतात. तो जुन्या फाइलीत असेल तोच द्या, नाहीतर बटण दाबल्याबरोबर आवाज एकदम वर-खाली होतो.

एनकोडिंग. 'एमपेग-२ डीव्हीडी' हा पर्याय निवडा. चित्राची आणि आवाजाची फाइल वेगवेगळी काढा. चित्रातल्या फ्रेमच्या गटाची, म्हणजे जीओपीची लांबी पालमध्ये जास्तीत जास्त १५ ठेवा आणि गट बंद प्रकारचे, म्हणजे शेजारच्या गटावर न अवलंबणारे, ठेवा. चॅप्टर फक्त गटाच्या पहिल्या फ्रेमवर सुरू होऊ शकतो. आमच्या जुन्या टायटलमध्ये तीन चॅप्टर होते: मुलीला मंडपात आणणं, मंगलाष्टका, हार घालणं. नवीन तुकड्यात दुसरा चॅप्टर दीड मिनिटावर, म्हणजे ९० × २५ = २,२५० व्या फ्रेमवर आला. याला १५ नं पूर्ण भाग जातो, छान. तिसरा ९ मिनिटं ५० सेकंदांवर, म्हणजे १४,७५० वर. याला पूर्ण भाग जात नाही. एनकोडरमध्ये चॅप्टरची खूण देऊन तिथं नवीन गट सुरू करायला सांगता येतं. तशी सोय नसेल तर गटाची लांबी १५ वर पक्की बांधून चॅप्टर पाच फ्रेम मागं, १४,७४५ वर घ्या. पाव सेकंदाहूनही कमी फरक, कुणाला कळणार नाही.

तपासणी: तयार फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा आणि टप्पा २ च्या कागदाशेजारी ठेवून, लांबी सोडून, ओळ-न्-ओळ जुळवा. चित्राची आणि आवाजाची लांबी एकच आहे ना? अर्ध्या सेकंदाचा फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

## टप्पा ५: मक्समनमध्ये तुकडा बांधा

मक्समनमध्ये नवीन चित्र आणि नवीन आवाज द्या. चॅप्टरसाठी सेलच्या वेळांच्या फाइलीची प्रत करून तिच्यातले आकडे नव्या फ्रेम-क्रमांकांनी बदला, तीच यादी म्हणून द्या. जुन्यात जितके सेल होते तितकेच नवीनमध्ये ठेवा. नियम एवढाच, पण मोडू नका. यादीतला शेवटचा आकडा तुकड्याच्या एकूण फ्रेमइतका असेल (आमच्याकडं १७,५००), तर तो काढा, नाहीतर शेवटी रिकामा चॅप्टर तयार होतो.

वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये बांधणी करा. छोटीशी स्वतंत्र डीव्हीडी तयार होते. ती चालवा, चॅप्टरच्या उड्या मारून बघा.

इशारा: इथं मोह होतो, की या छोट्या डीव्हीडीच्याच आयएफओ, बीयूपी आणि व्हॉब फाइलींना जुन्या टायटलसेटची नावं द्यावीत आणि वरून टाकाव्यात. करू नका. जुन्या नकाशात 'संपल्यावर मेन्यूकडं परत जा' असा आदेश होता, नवीन नकाशात तो नाही. त्या टायटलसेटला स्वतःचा उपमेन्यू असेल तर तोही जाईल.

## टप्पा ६: व्हॉबब्लँकरमध्ये बसवा

१. इनपुट म्हणून कामाच्या फोल्डरमधली मुख्य 'व्हिडिओ_टीएस' आयएफओ फाइल द्या.

२. आउटपुटसाठी नवीन, पूर्ण रिकामा फोल्डर द्या. इनपुट आणि आउटपुट एकच ठेवू नका.

३. कागदावर लिहिलेला टायटलसेट निवडा, त्यातला पीजीसी निवडा. झलक बघा. आजींच्या मंगलाष्टकांऐवजी हळदीचा प्रसंग दिसला तर तुम्ही चुकीच्या ओळीवर आहात.

४. 'रिप्लेस' दाबा आणि मक्समननं बनवलेली व्हॉब द्या. पुन्हा एकदा सांगतो, शेवटी १ असलेली.

५. बाकी सगळे पीजीसी जसेच्या तसे आहेत हे बघा आणि प्रक्रिया सुरू करा.

या वेळी सॉफ्टवेअर तुकडा बदलतं, पुढच्या सगळ्या भागांचे पत्ते सरकवतं, नकाशा आणि त्याची दुसरी प्रत नव्यानं लिहितं, आणि जुने आदेश जपतं. काही मिनिटांचं काम आहे. मध्येच बंद पडलं तर आउटपुट फोल्डर रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून करा, अर्धवट फोल्डरवर दुरुस्त्या करत बसू नका.

## टप्पा ७: बर्न करण्यापूर्वीची परीक्षा

व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये चाललं म्हणजे झालं, असं समजू नका. व्हीएलसी फार समजूतदार आहे, तुटक्या नकाशातूनही वाट काढतं. हॉलमधला जुना प्लेअर तेवढा समजूतदार नसतो. आउटपुट फोल्डर पीजीसीएडिटमध्ये उघडा आणि ट्रेस पद्धतीनं आदेश एकेक पुढं सरकवत बघा: मेन्यू, तिसरं बटण, टायटल, शेवट, परत मेन्यू.

मग माणसासारखं बघा. पाचही बटणं दाबा, फक्त बदललेलं नव्हे. नवीन भाग पूर्ण बघा आणि शेवटच्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळतात का ते पारखा. सरकत जाणारा फरक सुरुवातीला दिसत नाही. पुढच्या चॅप्टरचं बटण तीनदा दाबा. वेगानं पुढं पळवून शेवट ओलांडा. प्लेअरवर दिसणारी एकूण वेळ ११:४० आहे ना, ते बघा.

## टप्पा ८: बर्न

इम्गबर्नमध्ये फोल्डर-फाइलींवरून डिस्क लिहिण्याचा पर्याय घ्या आणि 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर द्या. तो डीव्हीडी-व्हिडिओ ओळखून फाइलींचा क्रम आणि यूडीएफ १.०२ ही डिस्कवर फाइली मांडायची पद्धत लावायला विचारतो, हो म्हणा. विंडोजमध्ये फाइली ओढून टाकून बनवलेली डिस्क कॉम्प्युटरवर चालते आणि प्लेअरवर नाही, ती या क्रमामुळंच.

ड्राइव्हची झेप कितीही असली तरी वेग ४ किंवा ८ पट ठेवा. लिहून झाल्यावर पडताळणीची खूण चालू ठेवा. कागदी गोल स्टिकर लावू नका, चाक एका बाजूला जड होतं आणि गोंद सुकला की सुटतो. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करनं लिहा.

## लक्षणावरून दोष

बटण दाबल्यावर काळा पडदा आला तर पत्ते चुकलेत. टप्पा ६ मूळ प्रतीवरून पुन्हा करा. चित्र आहे पण आवाज नाही, तर आवाजाचा प्रकार जुळलेला नाही, टप्पा ४ कडं जा. माणसं बारीक किंवा रुंद दिसतात, तर ४:३ आणि १६:९ ची गल्लत आहे. भाग संपल्यावर प्लेअर थांबतो आणि मेन्यू येत नाही, याचा अर्थ बहुधा तुम्ही टप्पा ५ मधल्या मोहाला बळी पडलात. चॅप्टरचं बटण भलत्या प्रसंगावर जातं, तेव्हा सेलची संख्या मोजा. हालचाल थरथरते, तेव्हा फील्डचा क्रम बघा. आणि सगळं नीट असून ठरावीक ठिकाणीच अडकत असेल, तर दोष नकाशात नाही, डिस्कच्या लिखाणात आहे. दुसऱ्या चांगल्या डिस्कवर कमी वेगानं लिहा.

काम झाल्यावर चार गोष्टी एकत्र ठेवा: मूळ डिस्कची इमेज, नवीन डिस्कची इमेज, कॅसेटवरून उतरवलेली कच्ची फाइल आणि तो हातानं लिहिलेला कागद, फोटो काढून. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. आजींच्या त्या दोन मंगलाष्टकांचा आवाज मी वेगळी फाइल करून दिला, कारण डीव्हीडी प्लेअर आता किती घरांत उरलेत. तो आवाज फोनवर ऐकता आला तर त्या दिवशीच तीन घरांत पोचतो.